पोरांच्या उंचीची भिंत

सत्यवान साळव्यानं मला आयुष्यात एकदाच मारलं. चार मेंढक्यांच्या देखत, उघड्या पंजानं, असं की माझा चष्मा तीन हात लांब जाऊन पडला. मी कर्जतच्या शाळेतला मास्तर, वय त्रेचाळीस, जातीनं ब्राह्मण. तो नगरचा ख्रिस्ती पेंटर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सत्तेचाळीस सालच्या चैत्रात असं घडायला नको होतं, पण घडलं. लहानपणी वडिलांचा आणि पंतोजींचा पुष्कळ मार मी खाल्ला, त्यातला निम्मा फुकटचा होता. ही एक थप्पड मात्र मला पुरी लागू होती.

सत्यवानचे वडील कृपादान मिशनच्या आवारात पहारेकरी होते. मुलाला त्यांनी तिथल्याच कारखान्यात घातलं. सुतारकाम, पत्र्याचं काम आणि अक्षरं काढणं तो तिथं शिकला. लढाईच्या वर्षांत त्यानं लष्कराच्या मोटारींवर आकडे रंगवले. रोज तेच पांढरे आकडे हिरव्या पत्र्यावर. लढाई संपली, मोटारी लिलावात गेल्या आणि हा दुकानांच्या पाट्यांवर आला. बोलायचा कमी, पण हट्टी असा की एखादं अक्षर मनासारखं उतरलं नाही तर पाटी पुसून पहिल्यापासून काढायचा आणि गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचा. त्याची बायको दीना म्हणायची, "ह्यांना उपाशी मरायची घाई नाही, पण वेलांटी सरळ पाहिजे."

माझी त्याची गाठ पडली ती रेंजर नृसिंहरावांमुळे. कर्जतपासून तीन कोसांवर हिवरेवाडी म्हणून गाव आहे, त्याच्या मागं मोठा माळ. तिथं काळविटांचा साठ-सत्तरांचा कळप होता. शिकारीच्या हंगामात बंदुका घेऊन येणाऱ्यांनी तो चाळिसावर आणला. नृसिंहरावांनी वर लिहून माळावर शिकारबंदी आणली आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की नुसत्या बंदीनं काही होत नाही. लोकांना जनावर माहीत पाहिजे. पोरांनी येऊन बघावं, पाट्या वाचाव्यात, ठसे ओळखावेत, एक लहानसं बघण्याचं ठिकाण असावं. त्या काळात असलं काही आमच्या जिल्ह्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. लोक म्हणाले, साहेबाला ऊन लागलं. मजकूर लिहायला मला बोलावलं आणि रंगवायला सत्यवानला.

मी आठवड्यात मजकूर लिहून काढला, दोन पुस्तकं समोर ठेवून. सत्यवाननं पुस्तकातलं चित्र पाहिलं आणि परत दिलं.

"मास्तर, हे विलायती हरण आहे. मी पाहिल्याशिवाय काढत नाही."

मग तो चार महिने माळावर गेला, म्हणजे दर आठवड्याला तीन दिवस. त्याला दाखवणारा होता कानिफनाथ काळे. हा पारधी. हिवरेवाडीच्या बाहेर त्यांची सहा पालं होती. सरकारच्या कायद्यानं अख्खी जमात गुन्हेगार ठरवलेली, त्यामुळं मोठ्या माणसांनी रोज सकाळी चावडीवर जाऊन पोलीस पाटलापुढं हजेरीच्या वहीत अंगठा द्यायचा. अंगठा दिल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही. कानिफा अंगठा देऊन यायचा आणि सत्यवानला घेऊन गवतात पालथा पडायचा. नर आपली जागा कशी राखतो, मादी पाडस कुठं लपवते, भ्यालेल्या हरणाची लेंडी कशी असते आणि निवांत असतानाची कशी, हे सगळं त्यानं दाखवलं. बापजाद्यांपासून फास लावून हरणं धरणारा माणूस. बंदी आल्यावर त्यानं फास गुंडाळून पालात टांगून ठेवले होते. पोटासाठी तितर-लाव्हे धरायचा, ते मी बघितलेलं आहे, लपवत नाही.

एक गोष्ट त्यानं अट घालून सांगितली. सत्यवाननं ती मला जशीच्या तशी सांगितली, म्हणून मीही तशीच देतो.

"पेंटरदादा, उनाळ्यात ह्ये येकच पानी ऱ्हातं. उजाडलं की कळप हितं येतो. मावळतीकडला वारा आसला तर त्यास्नी मानसाचा वास लागत न्हाई. आन त्वांड पान्यात आसलं की हरनाला कान नसत्यात. आमच्या घरात पान्यावर फास लावायचा न्हाई, आज्यापासनं चाल हाय. समदं लिवा, पन ह्ये येक लिवू नगा."

सत्यवाननं शब्द दिला.

आता माझं ऐका. मला ती गोष्ट ऐकून फार आनंद झाला. अख्ख्या मजकुरात जान आणणारी तेवढीच ओळ होती, बाकी सगळं पुस्तकी. मी ती लिहिली. कुठल्या वाटेनं जायचं, पाणी कुठं, वेळ कोणती, वारा कसा असावा, तोंड पाण्यात असताना त्याला ऐकू येत नाही, सगळं नीट, क्रमवार. सत्यवाननं कागद वाचला आणि म्हणाला, "हे नको मास्तर. मी शब्द दिलाय."

मी म्हणालो, "मुलांना दाखवायचं तर दिसलं पाहिजे. आणि काय लिहायचं ते मी ठरवणार. तू अक्षरं काढ."

हे वाक्य मी ज्या सुरात म्हटलं तो सूर वाचणाऱ्यांना सांगायला नको. शतकभर आमच्या घरांतून तो चालत आलेला आहे. सत्यवाननं खाली बघितलं आणि अक्षरं काढली. अप्रतिम काढली. खाली मी हट्टानं स्वतःचं नाव घालायला लावलं: मजकूर, माधव देवळालीकर, कर्जत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं होतं: सत्यवान पेंटर, नगर.

बाकीचं सगळं त्याच्या मनानं झालं. घासलेटचे डबे फाडून, ठोकून सपाट केलेले पत्रे, बाभळीच्या चौकटी. नर आणि मादी अंगच्या मापाची, म्हणजे पोरानं शेजारी उभं राहून आपली उंची बघावी. ज्यांना वाचता येत नाही त्या मेंढक्यांसाठी अर्ध्या पाट्यांवर नुसती चित्रं. खुरांचे ठसे ओल्या सिमिटात उठवलेले, बोट फिरवायला. आणि पाण्यापासून साठ पावलांवर ती भिंत. बारा हात लांब, कोरड्या दगडांची, तिला सहा भोकं. भोकं दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवर.

मी म्हणालो, "अरे, मोठ्या माणसाला वाकावं लागेल."

"वाकावं," तो म्हणाला. "मोठ्या माणसाला जनावर बघायचं तर गुडघ्यावर यावं."

या वाक्यावर तेव्हा मी हसलो होतो.

माघात पोरं पहिल्यांदा आली. गाड्यांतून उतरून भिंतीपर्यंत वाकून चालत गेली, भोकाला डोळा लावला आणि तीस पोरं पाव तास तोंडातून शब्द न काढता उभी राहिली. मास्तरकीच्या वीस वर्षांत मला ते जमलं नव्हतं. कळप पाण्यावर आला, प्याला, गेला. सत्यवान मागं उभा राहून पोरांच्या पाठी बघत होता. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्यानं हसताना पाहिलं.

त्याच महिन्यात हिवरेवाडीचा पोलीस पाटील भिमाजी आपल्या पाहुण्याला घेऊन आला. पाहुणा नगरचा कंत्राटदार, लढाईत वर आलेला. त्याच्याकडं लिलावातली जीप होती, निळा रंग मारलेली. सत्यवाननं रंगाखालून दिसणाऱ्या आकड्यावर बोट ठेवून मला हळूच सांगितलं, "हा आकडा माझ्या हातचा आहे." कंत्राटदारानं माझी पाटी मोठ्यानं वाचली, प्रत्येक ओळ. मग विचारलं, मावळतीकडचा वारा सकाळी किती वाजेपर्यंत असतो? उन्हाळ्यात दुसरीकडं कुठंच पाणी नसतं ना? मी त्याला खुणांसकट समजावलं. मनात म्हटलं, इतका जिज्ञासू माणूस आपल्या तालुक्यात नाही.

फाल्गुनात नृसिंहरावांची खानदेशात बदली झाली. नवा रेंजर महिना झाला तरी आला नाही.

चैत्रातल्या त्या दिवशी मी चौथीची मुलं दोन गाड्यांत घालून पहाटे निघालो. उजाडताना हिवरेवाडीच्या चावडीपाशी बैलांना पाणी दाखवायला थांबलो. पारधी रांगेत बसले होते. कानिफा पाटलापुढं वाकून अंगठा देत होता, त्याची बायको रंगुबाई त्याच्या मागं होती. तेवढ्यात माळाकडून बार ऐकू आले. एक नाही, दोन नाही. मी नऊपर्यंत मोजले.

कानिफा उभा राहिला. अंगठ्याला शाई तशीच. पाटील म्हणाला, "बस खाली. कुनी तितर मारीत आसंल."

"तितराला नऊ बार कशाला, पाटील?" असं म्हणून कानिफा पळत सुटला. पाटलानं त्याला हाक मारली नाही. वही मिटली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, आज माळावर काय बघायचं ऱ्हायलंय? माघारी जावा." मला त्यातलं काही कळलं नाही. माझं वेळापत्रक ठरलेलं होतं, म्हणून मी गाड्या पुढं हाकल्या.

पोचलो तेव्हा दिवस हातभर वर आला होता. पाण्याच्या कडेला अकरा हरणं पडली होती. चार नरांची मुंडकी कापून नेलेली, मागच्या तंगड्या काढलेल्या. बाकी माद्या, त्या कुणाला नको होत्या म्हणून तशाच टाकलेल्या. पाण्याला रंग चढला होता. सगळ्या मेल्या नव्हत्या. एक मागचे दोन्ही पाय मोडलेली मादी पुढच्या पायांवर स्वतःला ओढत पाण्याकडं चालली होती, थोडं सरकायची आणि थांबायची. कानिफा एकेकीपाशी जात होता. डोळ्यावर हात ठेवायचा आणि गळ्यावर सुरी फिरवायचा. वाचण्यासारखी एकही नव्हती. कोपरापर्यंत त्याचे हात भरले होते आणि तो रडत होता.

मला बघून म्हणाला, "मास्तर, पोरास्नी तिकडं त्वांड करून हुबं करा."

मी पोरांची तोंडं फिरवली, पण त्यांनी बघायचं तेवढं बघितलं होतं.

मग पाटील आला. बरोबर पंधरा-सोळा माणसं, काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे. सगळ्यांनी एकदम पाहिलं ते इतकंच: रक्तानं भरलेला पारधी, हातात सुरी, भोवती मेलेली हरणं. पाटील म्हणाला, "घावला." कानिफानं सुरी खाली टाकली आणि हात जोडले. पहिली काठी त्या जोडलेल्या हातांवर बसली. मग खांद्यावर, मग डोक्यावर. तो खाली पडला तसे लोक जवळ आले. ज्यांचं कधी काही चोरीला गेलं नव्हतं तेही मारत होते. एका म्हाताऱ्याला काठी उगारता येईना म्हणून तो लाथा घालत होता. मागून धावत आलेली रंगुबाई नवऱ्याच्या अंगावर पडली, तिला केसाला धरून बाजूला ओढली. तिचा दीर मध्ये पडला, त्याचं डोकं फुटलं.

मी म्हणालो, "पाटील, बार झाले तेव्हा हा तुमच्यापुढं होता. मी होतो तिथं."

भिमाजी पाटील माझ्याजवळ आला. आवाज न चढवता बोलला. "मास्तर, कधी येतो कळप, कुठनं मारायचा, ह्ये समदं कुनी लिवून ठिवलंय? नाव कुनाचं हाय पाटीवर? पोरं घिऊन जावा."

मी पोरं घेऊन गेलो. एवढंच केलं. गाडी वळली तरी मागून काठ्यांचा आवाज येत होता, ओलं धुणं आपटल्यासारखा. अर्ध्या वाटेत विजयमाला नावाची मुलगी म्हणाली, "गुरुजी, त्यानं तर सुरी टाकली हुती." मी तिला पाढे म्हणायला लावले.

दुपारी मी एकटा परत गेलो. माळावर चिटपाखरू नव्हतं, गिधाडं तेवढी होती. खिशातला चाकू काढून पाटीवरचं माझं नाव खरवडलं. सत्यवानचा रंग पक्का, तासभर लागला.

कानिफानं तिसऱ्या दिवशी पालात जीव सोडला. कागदावर असं आलं की शिकार करताना सापडला, पाटलावर सुरी घेऊन धावला, त्या झटापटीत लागलं. रंगुबाई आणि तिचा दीर कर्जतच्या कोठडीत. बंदीत शिकार आणि सरकारी माणसावर हल्ला. आठवड्यानं मामलेदारांपुढं उभं करणार आणि मग वस्ती उठवून तारेच्या कुंपणातल्या सरकारी वसाहतीत नेऊन घालणार, असं गावात बोललं जात होतं. बार झाले तेव्हा कानिफा चावडीवर होता हे सांगू शकेल असा, आणि ज्याचं खरं मानतील असा, तालुक्यात एकच माणूस होता. त्यानं शाळेला रजा दिली नव्हती, रोज वेळेवर घंटा वाजवत होता.

चौथ्या दिवशी सत्यवान सर्व्हिस मोटारीनं आला आणि थेट माळावर गेला. तिथून मेंढक्याच्या हाती मला निरोप धाडला. मी गेलो तेव्हा तो भिंतीमागं बसला होता. पुढ्यात रुमालावर मोठ्या छऱ्यांच्या काडतुसांची पितळेची नऊ नळकांडी ठेवलेली. सहापैकी चार भोकांखाली ती सापडली होती. त्याच चार भोकांखाली मातीत गुडघ्यांचे खड्डे पडले होते, मोठ्या माणसांचे. त्यांनी आरामात गुडघे टेकले होते, दगडावर नळी ठेवली होती आणि पोरांच्या भोकांतून मारलं होतं. गाडीवाटेवर जीपच्या चाकांचे ठसे अजून होते. चार वर्षं त्या चाकांशेजारी बसून काम केलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागला नाही.

"भिंत मी बांधली," तो म्हणाला. "उंची मी ठरवली."

तो उठून पाटीपाशी गेला. खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"नाव कुठं गेलं, मास्तर?"

मी म्हणालो, "पावसानं गेलं असेल."

"चैत्रात?"

आणि मारलं. चष्मा बघत उभ्या असलेल्या चार मेंढक्यांपैकी एकानं उचलून दिला. एक काच फुटली होती.

सत्यवान हात पुसत म्हणाला, "मी सांगितलं होतं हे लिहू नका. तुम्ही म्हणालात, अक्षरं काढ. मी काढली. शब्द माझा मोडला, तुमचा नाही. म्हणून माझं नाव आहे तिथंच राहील. पण मी त्या दिवशी इथं नव्हतो. तुम्ही होता. रंगुबाईसाठी बोलणार का?"

मी नोकरीचं बोललो. घरातल्या माणसांचं बोललो. पाटलाचे हात कुठवर पोचतात ते बोललो. सगळं खरं होतं. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन गेला.

पुढचे तीन दिवस तो पारध्यांच्या वस्तीत होता. त्यानं अंगच्या मापाच्या काळविटाची पाटी उखडून आणली, तिच्यावर पांढरा हात दिला आणि नव्यानं रंगवायला घेतली. दीनाही नगरहून आली, पत्रा धरायला आणि रंग घोटायला. बाजाराच्या दिवशी सकाळी ती पाटी कर्जतच्या बाजारात, बैल बांधतात तिथल्या लिंबाला टेकवून उभी राहिली. शाळेच्या खिडकीतून मला गर्दी दिसत होती. लोक बाजार सोडून तिकडं चालले होते.

पाटीवर एक अक्षर नव्हतं. वरच्या कोपऱ्यात चावडी, कानिफा वाकून अंगठा देतोय, पाटील वही धरून बसलाय, भिमाजीच्या मिशा आणि फेट्याचा शेव हुबेहूब. त्याच्या मागं डोंगरावर सूर्याची कोर, म्हणजे वेळ कोणती ते कळावं. शेजारच्या चौकटीत भिंतीमागं गुडघे टेकलेली चार माणसं, निळी जीप आणि तिच्यावर तो जुना पांढरा आकडा. खाली अकरा हरणं. मध्ये कानिफा, मादीच्या डोळ्यावर हात ठेवलेला. मग काठ्या. आणि अगदी कडेला दोन बैलगाड्या, पोरं, आणि पाठमोरा एक माणूस, काखेत छत्री. कर्जतमध्ये काखेत छत्री घेऊन चैत्रात हिंडणारा मीच. ज्यांना वाचता येत नाही ते शिकलेल्यांना समजावून सांगत होते.

मी वर्ग सोडून बाहेर आलो तेव्हा विजयमाला तिथं आईचं बोट धरून उभी होती. मला म्हणाली, "गुरुजी, ह्ये तुमी." तिच्या आवाजात दोष नव्हता. चित्र ओळखल्याचा आनंद होता.

पाटलाची माणसं त्याच वेळी पोचली. पाटी आडवी पाडून कुऱ्हाडीनं तिचे तुकडे केले. सत्यवाननं अडवलं नाही, नुसता उभा राहिला. मग एकानं त्याला पाठीमागून धरलं, दुसऱ्यानं त्याचा उजवा हात गाडीच्या जुवावर ठेवला आणि तिसऱ्यानं जुवातली लोखंडी शिवळ उपसून बोटांवर घातली. एकदा नाही, मोजून पाच वेळा, एकेका बोटाला एक. मी लोकांतून पुढं घुसलो. खरंच घुसलो, पण पोचलो तेव्हा पाचवं झालं होतं. माझ्याही बरगडीत एक लाथ बसली. तिचा मी आजवर कुणाजवळ उल्लेख केला नाही, करण्यासारखी नव्हती.

दीनानं त्याचा हात पदरात गुंडाळला. माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, आता ह्यांना काढता येणार नाही. आता तुम्ही बोला."

दुसऱ्या दिवशी मी मामलेदारांपुढं बोललो. बार ऐकले, मोजले, कानिफाच्या अंगठ्याला शाई ओली होती. सुरी त्यानं टाकली, पाटलावर धावला नाही. नऊ नळकांडी टेबलावर ठेवली. पाटीवरचा मजकूर माझा, नाव मी खरवडलं, हेही सांगितलं. तेवढ्यावर न्याय झाला असं मात्र कुणी समजू नये. हजेरीच्या वहीतलं त्या दिवसाचं पान उंदरांनी खाल्लं असं निघालं. चार बंदुकवाल्यांना कुणी बोलावलं नाही. कंत्राटदाराला पुढं रस्त्यांची कामं मिळाली. भिमाजीची पाटीलकी वर्षभरानं गेली, पण दुसऱ्याच कारणानं. रंगुबाई आणि तिचा दीर सुटले आणि वस्ती उठली नाही. चित्र फोडलं तरी सबंध बाजारानं ते वाचलं होतं, म्हणून मामलेदाराला तेवढं करावं लागलं. माझी बदली राहात्याला झाली.

सत्यवानचा उजवा हात कायमचा गेला. बोटं वाकडी जुळली, कुंचला धरवत नाही. वर्षभर दीनानं मिशनच्या दवाखान्यात धुणं धुतलं. त्यानं डाव्या हातानं पहिल्यापासून मुळाक्षरं गिरवली, तेहतिसाव्या वर्षी, भिंतीवर कोळशानं. आता तो बैलगाड्यांची नावं आणि दुकानांच्या पाट्या करतो. वेलांटी पूर्वीसारखी येत नाही आणि त्यावरून तो अजून चिडतो.

गेल्या वर्षी, अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, त्याचं पत्र आलं. या, आणि मजकूर घेऊन या. मी राहात्याहून गेलो. माळावर भिंत होती. भोकं त्यानं आणि कानिफाच्या भावकीनं दगडांनी बुजवली होती. कळप सतरावर आला होता, त्यातली पाडसं पाच. पाण्याच्या वाटेवरची जुनी पाटी काढून तिथं एक नवी उभी केली होती, कोरी. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. त्यानं तीन खोडल्या. मी खोडू दिल्या. राहिली ती त्यानं डाव्या हातानं काढली, दिवसभर लागला:

'कानिफनाथ काळे याने पाण्यावर कधी फास लावला नाही. त्याला लोकांनी येथे मारले.'

मग कुंचला माझ्या हातात दिला. "साक्षीला नाव पाहिजे. तुमचं तुम्ही काढा."

मी म्हणालो, "सत्यवानराव, मला अक्षर काढता येत नाही."

"मला तरी कुठं येतं," तो म्हणाला.

मी काढलं. त्याच्या डाव्या हाताच्या अक्षरांपेक्षा वाकडं आलं. रंगुबाई इतका वेळ बाजूला बसून होती. ती उठली, जवळ आली आणि विचारलं, "ह्यात त्यांचं नाव कुठं हाय?" सत्यवाननं दाखवलं. तिनं रंगाच्या डब्यात अंगठा बुडवला आणि त्या नावाखाली टेकवला, चावडीवर रोज टेकवायची तसाच, जोर देऊन.